मोजदाद

पौषात घरी आले, पण ही सुट्टी नाही.
मॅडमनी हार्ड डिस्क हातात दिली,
म्हणाल्या, सहाशे फोटो आहेत, गावी बसून मोज,
इथं तरी मायक्रोस्कोप कुठे रिकामा असतो.

म्हणून सपरीत, धानाच्या पोत्याला टेकून
मी उंदराचा मेंदू मोजते आहे.
पाचव्या थरातल्या पेशी, जांभळ्या रंगात बुडवलेल्या.
मधला ठिपका स्वच्छ दिसतो त्या जिवंत.
आकसलेल्यांना दुसरा रकाना.
लाईट सहाला जाते. त्यानंतर बॅटरी, दोन तास.

माय सूप हलवता हलवता वाकून पाहते.
"कायचं हाय व हे?"
उंदराचं डोस्कं.
"अन् मोजून भेटते किती?"
सदतीस हजार. पण सात महिने झाले, आले नाहीत.
माय हसते. तेंदूचा बोनसही मागच्या सालचा
अजून यायचाच आहे.

दोनशे बारा, की तेरा?
बोलण्यात विसरले.
"इसरली ना? मंग सोड आख्खा पुडा.
सत्तर पानं मंजे सत्तर.
अंदाजानं बांधला का मुनशी फेकून देते फळीवरून."
हेच मॅडमनी सांगितलं होतं पहिल्या आठवड्यात,
इंग्रजीत, पडद्यावर, चाळीस मिनिटं.

मुलाखतीत पाच जण होते. विचारलं, मेंदूच का?
मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, त्यात कुतूहल हा शब्द दोनदा होता.
एकानं मान डोलावली. पाणी प्यायले आणि बाहेर आले.

खरं उत्तर रोज आमच्या दारावरून जातं,
दोन काठ्यांवर.
झिबलाजीच्या टाचा भुईला टेकत नाहीत,
गुडघे एकमेकांना आडवे येतात, कात्रीसारखे.
सालदार होता. दोन वर्षं मजुरीत लाखोळीच मिळाली,
वरण तिचं, भाकर तिची, भाजीही तिच्याच पाल्याची.
बाविसाव्या वर्षी एका सकाळी बैल पुढे गेले,
हा बांधावरच उभा राहिला.

हेही पूर्ण उत्तर नाही.
चौथीत होते. गॅदरिंगला मी त्याची नक्कल केली,
आईच्या दोन वेळण्या काठ्यांसारख्या धरून.
उरकुडे गुरुजी हसता हसता खुर्चीवरून घसरले.
पहिला नंबर. स्टीलची वाटी.
अजून चुलीजवळ असते, माय तिच्यात मीठ ठेवते.
आणि झिबलाजी त्या दिवशी
मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता, सगळ्यात मागे.

आज तोच पायरीवर येऊन बसला.
"याच्यात मी कुठी हावो?"
तुम्ही नाही जी, उंदीर आहे.
"त्याले काय चारलं?"
लाखोळीतलंच. सुईनं दिलं, चाळीस दिवस.
तो जरा गप्प. मग, "चालत होता का थो?"

मी व्हिडिओ लावला. अरुंद पट्टीवरून
उंदीर जातो, मागचा पाय घसरतो, ओढून घेतो.
झिबलाजीनं तीनदा पाहिला.
"तुमी पायच पायता. पाय त मागून येते.
पयले कंबर अडते."
आणि काठ्या टेकत उठला, अंगणात उतरला,
विहिरीपर्यंत गेला, परत आला,
पुन्हा गेला, माझ्या फोनकडे तोंड करून, सावकाश,
जसं कुणी लहान पोराला अक्षर गिरवून दाखवतं.

"आलं का नीट?"
आलं, म्हणाले.
तो काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून दम खात राहिला.
"तू चौथीत बराबर केलती," म्हणाला.
"कंबर बी."

माझ्या तोंडून काही निघालं नाही.
तो गेला. त्याच्या पलीकडे बांधीत
लाखोळी फुललेली, निळी, ऊन उतरेपर्यंत तशीच निळी.
मायनं सूप भिंतीला टेकवलं.
लाईट गेली.
मी फाईल वरपर्यंत सरकवली, पहिल्या पेशीपाशी.
एक.